परसदारी पुसा रुबी : उसाच्या सवयी मात्र शेतातच ठेवा



ऊस हे आपले पैशाचे पीक. पण उसाचा पैसा वर्षाने हाती येतो आणि कालवणाला टोमॅटो रोज लागतो. २०२३ च्या मे महिन्यात तोडणीची मजुरी सुटेना म्हणून शेतकऱ्याने टोमॅटो ओतून दिला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलैत, तोच टोमॅटो शहरात किलोला शंभर रुपयांच्या वर गेला. म्हणजे आधी पिकवणारा बुडाला, मग खाणारा. दारात दहा झाडे असली, तर निदान हंगामापुरती तरी घरच्या चुलीला या भावाची झळ लागत नाही.

वाण कोणता?

घरासाठी ‘पुसा रुबी’ हा जुना, सुधारित वाण बरा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तो ‘सू’ हा अमेरिकन वाण आणि ‘इम्प्रूव्हड मेरुती’ यांच्या संकरातून निवडून काढला. ही संस्था १९०५ साली बिहारात पुसा येथे निघाली. १९३४ च्या भूकंपानंतर १९३६ साली ती दिल्लीस हलली, पण पुसा हे नाव तिच्याबरोबर गेले. फळ चपटे-गोल, अंगावर हलक्या रेघा, रस भरपूर आणि चव आंबटसर. आमटी-सारासाठी उत्तम. लावणीपासून साधारण दोन महिन्यांत तोडा सुरू होतो.

दोष सांगितला पाहिजे. फळ मऊ असते, लांबच्या बाजारात टिकत नाही. म्हणून व्यापारी पिकात संकरित वाणांनी त्याची जागा घेतली. पण चुलीपर्यंत जायला मालमोटार लागत नाही!

बी व रोपे

गौरी-गणपती झाले की बी टाकावे. दहा झाडांना चिमूटभर बी पुष्कळ; एका ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास दाणे असतात. गादीवाफ्यावर किंवा जुन्या डब्याला बुडाशी भोके पाडून त्यात ओळीने पेरावे. पंचवीस-तीस दिवसांत रोप वीतभर होते. मग उन्हे उतरल्यावर दीड-दोन फुटांवर एकेक रोप लावावे. ज्या जागी आदल्या हंगामात वांगी, मिरची किंवा बटाटा होता ती जागा टाळावी. ती सगळी एकाच कुळातली, रोगही सारखेच.

शेणखत किंवा प्रेसमडचे खत घालायचे तर पुरते कुजलेलेच घाला. अर्धेकच्च्या शेणखतातून हुमणी येते, हे ऊसवाल्याला वेगळे सांगायला नको. झाड पसरते, म्हणून बांबू किंवा तुरकाठीचा आधार द्यावा.

तीन सवयी कुंपणाबाहेर

पहिली सवय पाण्याची. उसाला पाट सोडून निवांत बसता येते, टोमॅटोला नाही. मुळाशी पाणी साचले की झाड पिवळे पडते. उलट आठ-दहा दिवस कोरडे ठेवून एकदम भरपूर पाणी दिले, तर फळे तडकतात आणि बूड काळे पडते. थोडे पण नेमाने पाणी द्यावे. पाचटाचे आच्छादन टाकले तर ओल टिकते. बुंध्यापासून चार बोटे जागा मोकळी ठेवावी.

दुसरी सवय पंपाची, आणि ही सर्वांत घातक. उसातल्या रुंद पानांच्या तणावर आपण टू-फोर-डी मारतो. टोमॅटोला या औषधाचा वाससुद्धा सोसत नाही. त्याच पंपाने, नुसता विसळून, टोमॅटोवर काही फवारले तर पाने दोरीसारखी बारीक होतात, शेंडे पिळवटतात, झाड वाया जाते. यावर उतारा नाही. म्हणून परसासाठी पंप वेगळा ठेवा, आणि वारा घरांकडे वाहत असेल त्या दिवशी तणनाशक मारू नका. शेजाऱ्याची द्राक्षे किंवा कापूस असेल तर त्यालाही हाच धोका आहे.

पाने आकसण्याचा रोगही असतो. कोणी त्याला बोकड्या म्हणतात, कोणी चुरडा-मुरडा. तो पांढरी माशी पसरवते, आणि पुसा रुबीला तो लवकर लागतो. मग ओळखायचे कसे? फवारणीनंतर थोड्याच दिवसांत, शेताकडच्या बाजूची सगळी झाडे एकदम पिळवटली तर तणनाशक समजा. आज एक, आठवड्याने दुसरे, असे होत गेले आणि पानांखाली पांढऱ्या माश्या दिसल्या तर रोग समजा. रोगट झाड उपटून लांब पुरावे.

तिसरी सवय तंबाखूची. तंबाखू मळलेल्या हातातून मोझॅक रोगाचे विषाणू झाडाला लागतात आणि पानांवर पिवळे-हिरवे चट्टे पडतात. बगलफूट खुडताना तोच हात साऱ्या झाडांवर फिरतो. म्हणून आधी हात साबणाने धुवा, मग झाडाला शिवा. मिश्री लावणाऱ्या बायाबापड्यांनाही हाच नियम!

राखण

फळ पोखरणाऱ्या अळीसाठी कडेने झेंडू लावावा. त्याची रोपे पंधरा-वीस दिवस आधी तयार करावीत, म्हणजे दोन्हीला फुले एकदम येतात आणि माशी-पतंग अंडी घालायला झेंडूकडे वळतात. दहा झाडांवरच्या अळ्या हातानेही वेचता येतात. पांढऱ्या माशीला पाच टक्के निंबोळी अर्क मारावा : पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून गाळावी. जमिनीला टेकलेली, डाग पडलेली पाने काढून टाकावीत, करपा कमी येतो.

घरचे बी

खरी कमाई इथे आहे. संकरित वाणाचे बी धरले तर पुढच्या पिढीत झाडे एकसारखी निघत नाहीत. दरवर्षी दुकान गाठावे लागते. पुसा रुबीचे तसे नाही. चांगल्या, निरोगी दोन झाडांना दोरा बांधून ठेवा. त्यांची पूर्ण पिकलेली फळे काचेच्या किंवा मातीच्या भांड्यात पिळा, एक-दोन दिवस आंबू द्या. मग धुऊन तळाशी बसलेले बी तेवढे घ्या, सावलीत वाळवा, कोरड्या बाटलीत ठेवा. तीन-चार वर्षे उगवते. आपल्या पिकाचे बी राखण्याचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्याशी देवाणघेवाण करण्याचा हक्क शेतकऱ्याला २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानेही दिलेला आहे.

चांगली निगा राखली तर झाडामागे किलो-दीड किलो फळ सहज निघते. गळिताची धामधूम ऐन भरात असेल तेव्हा परसातला तोडाही भरात असेल. टोळीवाल्याच्या भाकरीवर दोन टोमॅटो ठेवा आणि शेजारणीला चिमूटभर बी द्या. सहकाराची सुरुवात अशी घरापासूनच होते.