दुसऱ्या सत्रातील वाचन आणि मुलांच्या चुका

दिवाळीच्या सुटीनंतर प्राथमिक शाळा पुन्हा भरतात, तेव्हा पहिल्या सत्राचे संकलित मूल्यमापन झालेले असते आणि पहिली-दुसरीच्या वर्गातील मुलांची ‘वाचणारी’ व ‘कच्ची’ अशी विभागणी शिक्षकांच्या मनात होऊन गेलेली असते. कच्च्या मुलांसाठी योजला जाणारा उपाय बहुधा एकच असतो : मुळाक्षरे आणि बाराखडी पुन्हा पहिल्यापासून. ज्यांना अक्षरेच ओळखता येत नाहीत त्यांना तो उपयोगी पडतो, यात शंका नाही. परंतु ज्यांच्या चुकीचे मूळ अक्षरओळखीत नसते, त्यांचे दुसरे सत्रही त्यात खर्ची पडते.

‘कमळ’ हा शब्द घ्यावा. मूल ‘क’, ‘म’, ‘ळ’ ही तीनही अक्षरे बिनचूक ओळखते. मात्र ‘आता शब्द सांग’ म्हटले की गप्प होते. याचे कारण लिपीत व उच्चारात दडलेले आहे. देवनागरीतील प्रत्येक व्यंजनाक्षरात ‘अ’ गृहीत धरलेला असतो आणि मुलाने अक्षर शिकताना तो ‘अ’सह घोकलेले असते. बोलताना मात्र मराठी माणूस शब्दाच्या शेवटचा ‘अ’ सहसा उच्चारीत नाही; ‘कमळ’ तो ‘क-मळ्’ असे दोन तुकड्यांत म्हणतो. ‘सरबत’ या शब्दात तर मधला ‘अ’ही गळतो : अक्षरे चार, उच्चारातील तुकडे दोनच, ‘सर्-बत्’. सुटी अक्षरे जोडून जो ध्वनी तयार होतो, तो मुलाने घरी कधी ऐकलेला नसतो. मग त्यातून ओळखीचा शब्द त्याला सापडावा कसा? अशा मुलाकडून अक्षरे आणखी घोकून घेतली तर अडचण घटण्याऐवजी वाढण्याचाच संभव अधिक. त्याला आधी संपूर्ण शब्द ऐकवावा, टाळ्यांवर त्याचे तुकडे पाडून घ्यावेत, आणि मगच लिहिलेला शब्द दाखवावा.

दुसऱ्या सत्रात जोडाक्षरे येतात आणि निराळीच अडचण उभी राहते. ‘दिवा’मधील ऱ्हस्व वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर. ‘गर्दी’तील रफार उच्चारायचा ‘द’च्या आधी, पण तो बसलेला असतो ‘दी’च्या डोक्यावर. त्यामुळे मूल ‘गद्री’ वाचते. त्याला अक्षरे येतात, चिन्हेही येतात. चुकतो तो केवळ क्रम. ‘क्रम’ आणि ‘कर्म’ हे दोन शब्द शेजारी लिहून दाखविले असता हा भेद जितका चटकन उलगडतो, तितका नियम सांगून उलगडत नाही. ‘चक्र’, ‘ट्रक’, ‘गर्दी’, ‘दऱ्या’ अशा चार शब्दांत ‘र’ची चार रूपे दिसतात, सहा-सात वर्षांच्या मुलाकडून आपण किती अपेक्षा करतो, याचे मोठ्यांना विस्मरण झालेले असते.

सर्वांत अधिक अन्याय होतो तो बोलीमुळे. वऱ्हाडात व खानदेशात ‘ळ’च्या जागी ‘य’ उच्चारण्याची पद्धत आहे. ‘शाळा’ हा शब्द पाहून तेथील मूल ‘शाया’ म्हणते. अनेक बोलींत ‘पाणी’चे ‘पानी’ होते. वस्तुतः या मुलाने शब्द ओळखला, त्याचा अर्थ जाणला आणि तो आपल्या घरच्या भाषेत उच्चारला; म्हणजे त्याने वाचले. हिंदी बोलणाऱ्या घरातील मूल ‘चारा’मधील ‘च’ ‘चार’मधल्यासारखा उच्चारते, तेही असेच; दोन्ही उच्चारांना लिपीने अक्षर एकच दिले आहे, त्याला मुलाचा इलाज नाही. प्रमाण उच्चार शिकवू नये असे नव्हे. ते संभाषणाच्या तासाचे काम आहे. वाचता वाचता पदोपदी अडविलेले मूल हळूहळू वाचणेच सोडते, आणि मग त्याच्या गप्प बसण्याची नोंद ‘वाचता येत नाही’ अशी होते.

म्हणून सत्राच्या आरंभी प्रत्येक मुलाला पाच मिनिटे एकट्याने ऐकणे इष्ट होय. पाठ्यपुस्तकातील धडा यासाठी घेऊ नये, कारण तो पुष्कळ मुलांना मुखोद्गत असतो. वर आलेल्या प्रकारांचे आठ-दहा सुटे शब्द पुरेत. बरोबर-चूक अशी खूण न करता मुलाने जे उच्चारले तेच जसेच्या तसे वहीत लिहावे. ‘गद्री’ व ‘शाया’ या दोन नोंदी शेजारी आल्या की त्यांवर एकच उपाय चालणार नाही, हे आपोआप दिसते. तीस मुलांच्या वर्गाला एकूण अडीच तास लागतात. आठवडाभरात ते विभागता येतात. एकच शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळतो तेथे टाळ्यांचा सराव मोठ्या मुलांकडे सोपविता येईल, ऐकण्याचे काम मात्र नाही.

संक्रांतीनंतर त्याच प्रकारांचे वेगळे शब्द घेऊन पुन्हा ऐकावे. तरीही एखादे मूल जागचे हललेले नसेल, फळ्यावरील शब्द वाचताना डोळे बारीक करीत असेल किंवा सांगितलेला शब्द पुन्हा पुन्हा विचारीत असेल, तर कारण भाषेबाहेर शोधावे लागते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत तपासणीसाठी येतात. त्यांच्यापुढे अशा मुलाला वहीतील नोंदींसह आवर्जून उभे करावे.