गाठीची हद्द

सिल्लोडकडच्या खेड्यात चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच आकडी येते, तेव्हा वाट बहुधा ठरलेली असते. आधी तालुक्याचे रुग्णालय, मग साठ-पासष्ट किलोमीटरवरची संभाजीनगरचे घाटी रुग्णालय. एमआरआय होतो आणि घरची माणसे काळ्या फिल्मची पिशवी घेऊन डॉक्टरांपुढे उभी राहतात. फिल्मवर गाठ दिसते. पण ऑपरेशन करणाऱ्याला आणि रेडिएशन देणाऱ्याला हवी असते तिची हद्द, आणि खरी अडचण तिथेच आहे.

ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूतली अत्यंत आक्रमक गाठ. शेताला बांध असतो, हिला नसतो; तिच्या पेशी निरोगी मेंदूत मुरत जातात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रेडिएशनला टेमोझोलोमाइडच्या गोळ्यांची जोड दिली, तेव्हा रुग्णांच्या जगण्याच्या काळाचा मध्यक १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेला. एवढ्या थोड्या अवधीत उपचार नेमके असणे फार महत्त्वाचे. हद्द ठरवण्यासाठी चार प्रकारच्या प्रतिमा एकत्र वाचाव्या लागतात: टी-१, कॉन्ट्रास्ट दिलेली टी-१, टी-२ आणि फ्लेअर. कॉन्ट्रास्टमध्ये गाठीची जिवंत कड उजळते, फ्लेअरमध्ये भोवतालची सूज दिसते. प्रत्येक छेदावर हे हाताने आखणे वेळखाऊ, आणि दोन तज्ज्ञांच्या रेषाही तंतोतंत जुळत नाहीत.

यंत्राला ही आखणी शिकवण्याच्या कामात मराठवाड्याचा वाटा आहे, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेतले उज्ज्वल बैद आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील डॉ. अभिषेक महाजन आदी डॉक्टरांबरोबर २०२० साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी त्रिमितीय ‘यू-नेट’ वापरले. हे जाळे प्रतिमा टप्प्याटप्प्याने आकसत नेऊन आधी एकूण चित्र समजून घेते, मग ती पुन्हा पसरवत प्रत्येक बिंदू गाठीचा, सुजेचा की निरोगी मेंदूचा हे ठरवते. बैद पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. २०१२पासून चालत आलेल्या ‘ब्रॅट्स’ या मेंदूतल्या गाठी आखण्याच्या जागतिक स्पर्धेच्या २०२१च्या निबंधावर पहिले नाव त्यांचेच आहे. त्या वर्षी स्पर्धेसाठी २,०४० रुग्णांच्या प्रतिमा गोळा झाल्या होत्या.

त्याच स्पर्धेचा दुसरा भाग मला अधिक शिकवणारा वाटतो. गाठीतल्या एमजीएमटी जनुकाची स्थिती केवळ एमआरआयवरून ओळखायची होती. टेमोझोलोमाइड कितपत लागू पडेल, याचा अंदाज त्या स्थितीवरून येतो. ज्या मोजपट्टीवर ०.५ म्हणजे निव्वळ अंदाज, तिथे विजेत्यांनाही ०.६२च्या आसपासच गुण मिळाले. म्हणजे हद्द आखण्यात यंत्र तरबेज झाले, तरी तुकडा काढून तपासण्याला पर्याय झालेले नाही. त्याबद्दल मोठमोठे दावे करणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा.

आणखी एक गोष्ट. यंत्र ज्या प्रतिमांवर शिकते, तशाच प्रतिमांवर ते चांगले चालते. मशीन वेगळे, चुंबकाची ताकद वेगळी, रुग्ण उशिरा आलेला आणि गाठ वाढलेली, की ते चुकू लागते. म्हणूनच २०२३मध्ये ‘ब्रॅट्स’ने आफ्रिकेतील रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. गोपनीयतेच्या अडचणीवरही वाट निघाली आहे: प्रतिमा रुग्णालयातच ठेवायच्या, गणिती प्रारूप तिथे पाठवायचे आणि त्याने शिकलेले तेवढेच परत आणायचे. २०२२ साली सहा खंडांतल्या ७१ केंद्रांनी या रीतीने ६,३१४ रुग्णांवरून यंत्र शिकवले. केवळ खुल्या प्रतिमांवर शिकलेल्या यंत्राच्या तुलनेत, शस्त्रक्रियेने काढायच्या भागाची आखणी ३३ टक्क्यांनी सुधारली.

मराठवाड्यातली सरकारी रुग्णालये अशा साखळीत यायला हवीत, असे माझे ठाम मत आहे. नांदेडच्या अभियंत्यांनी घडवलेले ज्ञान सिल्लोडच्या रुग्णापर्यंत यायचे, तर त्याच्यासारख्यांच्या प्रतिमांवर ते शिकलेले आणि तपासलेले हवे. त्यासाठी प्रतिमा डिजिटल रूपात, नाव-गाव काढून आणि चेहरा ओळखू येणार नाही अशा पद्धतीने जपल्या पाहिजेत. फिल्मवरून हे काम होत नाही.

घरात कुणाचा मेंदूचा एमआरआय झाला, तर फिल्मबरोबर मूळ डिजिटल प्रतिमांची सीडीही मागून घ्या आणि पुढच्या प्रत्येक तपासणीला ती सोबत न्या.