उसन्या सुरांपासून स्वतःच्या स्वरापर्यंत

पूर्वसूरींचे ऋण घेतल्यावाचून कोणताही कलावंत घडत नाही. दुकान थाटण्यास भांडवल लागते, तसे गळ्याला संस्कार लागतात. भांडवल वडिलांकडून मिळेल. बाजारातील पत मात्र स्वतःच मिळवावी लागते. ‘बाबूजी’ म्हणून घराघरांत पोहोचलेले सुधीर फडके यांचे जीवन याची साक्ष देते.

२५ जुलै १९१९ रोजी कोल्हापूर येथे त्यांचा जन्म झाला. शास्त्रीय संगीताचे धडे त्यांनी वामनराव पाध्ये यांच्याकडे गिरवले. परंतु मनाने त्यांनी बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकर यांनाही गुरुस्थानी मानले. नाट्यपदातील शब्दाचा भाव सुरातून उलगडण्याची बालगंधर्वांची हातोटी आणि किराणा घराण्याच्या हिराबाईंचा सुरेल, संयत स्वर हे त्यांचे खरे भांडवल ठरले.

पुढे दिवस कठीण आले. पोटासाठी त्यांनी मुंबईत चहा विकला, भाजी विकली, कित्येकदा उपाशीपोटी दिवस काढले. तरीही कानात साठवलेले सूर त्यांनी हरवू दिले नाहीत. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ आणि नंतर ‘प्रभात’ या संस्थांत काम मिळाले, तेव्हा ही जपलेली शिदोरीच उपयोगी पडली.

या संस्कारांचे परिपक्व फळ म्हणजे ‘गीतरामायण’. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक याप्रमाणे ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते बाबूजींच्या संगीतात प्रसारित झाली. त्यांत रागदारी आहे, पण ती शब्दावर कुरघोडी करत नाही. बालगंधर्वांची आलापी त्यांनी उचलली नाही. तिच्यामागील भावनिष्ठा घेतली. सुस्पष्ट उच्चार ही त्यांची स्वतःची मिळकत होती.

लासूर स्टेशनसारख्या बाजारपेठेतील कुटुंबांनाही यातून बोध घेता येईल. मुले आवडत्या गायकाची हुबेहूब नक्कल करतात, स्तवनेही चित्रपटगीतांच्या चालीवर म्हटली जातात. त्यात वावगे काही नाही. शिकण्याची पहिली पायरी अनुकरणाचीच असते. परंतु मुलांना जुन्या गायकांची गाणी ऐकवावीत, शब्दांचा अर्थ समजावून सांगावा आणि शुद्ध उच्चारांचा आग्रह धरावा. मग एखाद्या दिवशी नक्कल गळून पडेल आणि मुलाचा स्वतःचा स्वर ऐकू येईल. वडिलोपार्जित ठेव जपणे हे कर्तव्यच. तीत स्वकष्टाची भर घालणे हेच खरे वारसदाराचे लक्षण.