मूकपटांचे भय आणि ऑर्गनचा सूर

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भयानक रसाची कारणे सांगताना पहिला मान दिला आहे तो विकृत ध्वनीला. भुतांचे दर्शन, कोल्हे व घुबडे, ओसाड घर, अरण्य ही सारी त्यानंतर येतात. मनुष्य आधी कानांनी भितो, हे त्या आचार्यांनी अचूक ओळखले होते. मग ज्या काळी चित्रपटाला वाचाच नव्हती, त्या काळी भयपट पाहून लोकांच्या अंगावर काटा उभा राहत असे, तो कशाने? या प्रश्नाचा मागोवा घेता घेता आम्ही दूर अमेरिकेपर्यंत गेलो आणि नवल असे, की तेथून परतताना वाट थेट आमच्या सचिन गावाशी येऊन मिळाली. वाचकांनाही त्या वाटेने न्यावे, एवढाच या लेखाचा हेतू.

ऑक्टोबर सरत आला की अमेरिकेत हॅलोवीनचे, म्हणजे भुताखेतांच्या नावाने साजऱ्या होणाऱ्या सणाचे दिवस येतात. त्या सुमारास तिकडील कित्येक जुन्या प्रेक्षागृहांतून मूकपटांच्या काळातील भयपट मुद्दाम दाखविले जातात. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आज त्या देशात आहेत; त्यांनी हा सोहळा पाहिलाही असेल. पडद्यावर मूकपट चालू असतो आणि पडद्याच्या पायथ्याशी बसलेला एकच वादक ऑर्गनवर त्याला साथ करीत असतो. पडद्यावरील पात्रांची चाल पाहत पाहत तो वाजवितो. त्यामुळे एकच चित्रपट दोन रात्री तंतोतंत सारखा ऐकू येत नाही.

हा ऑर्गन म्हणजे आपली पेटी नव्हे. पंख्याने दाबलेली हवा लहानमोठ्या शेकडो नळ्यांत सोडली जाते आणि त्या नळ्या गाऊ लागतात. अटलांटा शहरातील १९२९ सालच्या फॉक्स थिएटरातील ऑर्गनला तर ३,६२२ नळ्या आहेत. चर्चमधील या वाद्याला चित्रपटगृहात आणण्याच्या कामी रॉबर्ट होप-जोन्स या इंग्रज कारागिराचा वाटा मोठा. त्याने विजेच्या योगाने पट्ट्यांचा व नळ्यांचा संबंध जोडला, आणि पुढे वुर्लिट्झर कंपनीने त्याच्या कल्पनेवर चित्रपटगृहांसाठी ऑर्गन बनविले. त्यांत ढोल, झांजा, घंटा, पक्ष्यांची शीळ, घोड्यांच्या टापा असे नाना आवाज एकाच माणसाच्या हातापायांखाली आणलेले असत. सोळा फूट लांबीच्या नळीतून निघणारा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला अवघी ३२-३३ कंपने घेतो. तो कानाला ऐकू येतो त्याहून अधिक छातीला जाणवतो. खुर्ची किंचित थरथरते, आणि पडद्यावर अद्याप काहीच घडलेले नसताना प्रेक्षक सावरून बसतो.

या वाद्याचे आणि भयपटाचे नाते एका चित्रपटात फारच मौजेने जुळले आहे. १९२५ सालच्या ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’मध्ये लॉन चेनी याने पॅरिसच्या संगीत-रंगभूमीच्या तळघरात लपून राहणाऱ्या, मुखवटा धारण केलेल्या माणसाचे काम केले आहे. चेहऱ्याची ती भयंकर रंगभूषा त्याने स्वतःच्या हाताने केली होती. तळघरात तो ऑर्गन वाजवीत बसला आहे; नायिका मागून हळूहळू येते, तिचा हात पुढे होतो, थबकतो, पुन्हा पुढे होतो आणि मुखवटा ओढला जातो. पडद्यावर ऑर्गन आणि प्रेक्षागृहातही ऑर्गन! त्या क्षणी वादक नेमके काय करील, सूर टिपेला नेईल की एकाएकी हात उचलील, हे ऐकण्यासाठीच जाणकार पुन्हा पुन्हा जातात.

आपल्याकडे असे अजस्र ऑर्गन घरोघरीच्या परिचयाचे झाले नाहीत. पण ऑर्गन हा शब्द मराठी माणसाला परका नाही. संगीत नाटकाच्या रंगमंचापुढे तो मानाने बसला. गंधर्व नाटक मंडळीच्या साथीत तिरखवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी यांच्याबरोबर ऑर्गनचे सूर मिसळत. हा पायाने भाता चालविण्याचा ऑर्गन. पेटीत हवा बाहेर ढकलली जाते, तर या ऑर्गनमध्ये ती पट्ट्यांतून आत ओढली जाते. म्हणून त्याचा स्वर मऊ व भरीव लागतो. मूकपटांच्या काळी आपल्या चित्रपटगृहांत पडद्यापुढे बसत ते पेटीवाले आणि तबलजी. युद्ध आले की तबला, विरह आला की पेटी, अशी त्यांची साथ चाले. १९३१ साली बोलपट आला आणि या वादकांची ती रोजची जागा गेली. किती हात त्या वर्षांत रिकामे झाले असतील!

साथीचे हे सामर्थ्य पारखून पाहावे म्हणून आम्ही आमच्या शाळेत एक प्रयोग केला. नववीच्या वर्गाला १९२२ सालच्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन भयपटातील जिन्यावरून सावली चढत जाते तो भाग आवाज बंद करून दाखविला. मुले हसली. मग संगीतशिक्षिकेने प्रार्थनेची पेटी पुढे ओढली आणि खर्जातले दोनच स्वर सावकाश धरून ठेवले. भाग तोच, पण या वेळी कोणी हसले नाही. मागल्या बाकावरचा एक दांडगा मुलगा तर शेजाऱ्याचा हात धरून बसला होता. तास संपल्यावर एका मुलीने विचारले, “सर, आपल्याकडचे असे जुने चित्रपट कोठे पाहायला मिळतील?” या प्रश्नाचे उत्तर देणे आम्हांला जड गेले.

कारण आपल्याकडेही असे चित्रपट होते. १९२० साली बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’ काढला. त्यातील कीचकवधाचा प्रसंग इतका हुबेहूब व अंगावर येणारा होता, की सेन्सॉरने तो काढावयास लावला. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर इंग्रज सरकारने १९१० साली बंदी घातली होती ती राजकीय अर्थापायी. येथे मात्र कात्री लागली ती भयानकतेला!

आणि सचिन? आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाणारे हे गाव एके काळी सिद्दी नवाबांचे छोटे संस्थान होते. जंजिऱ्याच्या गादीवरील हक्काच्या मोबदल्यात १७९१ साली पेशव्यांशी झालेल्या तहातून ते उभे राहिले. म्हणजे कोकणाशी त्याची नाळ जन्मापासूनचीच! या घराण्याशी जिचे नाव जोडले जाते, त्या फातमा बेगम यांनी १९२६ साली स्वतःची चित्रसंस्था काढून ‘बुलबुल-ए-परिस्तान’ हा पऱ्यांच्या देशाचा अद्भुतरम्य मूकपट दिग्दर्शित केला. भारतातील पहिली स्त्री-दिग्दर्शिका म्हणून त्यांची नोंद आहे. सचिनच्या नवाबांची कन्या म्हणून ओळखली गेलेली त्यांची मुलगी जुबेदा हिचा जन्म सुरतेचा. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची तीच नायिका. आईने मुक्या पडद्यावर परिस्तान उभे केले आणि मुलीने पडद्याला वाचा दिली. आमच्या गावातील किती जणांना हे ठाऊक आहे?

या तिन्ही चित्रपटांची आज एकही प्रत उपलब्ध नाही. ‘सैरंध्री’ गेला, ‘बुलबुल-ए-परिस्तान’ गेला, ‘आलम आरा’ही गेला. भारतात सुमारे तेराशे मूकपट निघाले असावेत. त्यांतील जेमतेम तीसच्या आसपास, तेही पुष्कळदा तुटक स्वरूपात, हाती उरले आहेत. जुनी फिल्म सहज पेट घेणारी असे. शिवाय तिच्यावरील थरात चांदी असे, आणि तेवढ्या चांदीसाठी कित्येक रिळे मोडीत निघाली.

येथे ‘नोस्फेरातू’ची कथा पुन्हा आठवते. ब्राम स्टोकर याच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून विनापरवाना बेतलेला म्हणून त्याच्या पत्नीने दावा लावला आणि न्यायालयाने चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. तरीही काही प्रती परदेशी जाऊन पोचल्या होत्या, कोणी ना कोणी त्या जपल्या, आणि शंभर वर्षे उलटून गेल्यावरही तो चित्रपट आमच्या नववीच्या वर्गाला भिववू शकला. ज्याला मृत्युदंड झाला तो जगला. ज्यांच्यावर आपण प्रेम केले ते केवळ हेळसांडीने गेले.

जपणूक सरकारने करावी हे खरेच, आणि १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने, विशेषतः पी. के. नायर यांच्या ध्यासामुळे, फाळक्यांच्या चित्रपटांची रिळे मिळवून फार मोठे काम केले. परंतु सामान्य नागरिकही पुष्कळ करू शकतात. अमेरिकेतील कोलंबस शहरात १९२८ साली उभे राहिलेले ओहायो थिएटर १९६९ मध्ये पाडले जाणार होते. शहरवासीयांनी वर्गणी गोळा करून ते विकत घेतले. त्याचा मूळचा ऑर्गन आजही तेथेच वाजतो, आणि उन्हाळ्यातील जुन्या चित्रपटांच्या मालिकेला त्याचीच साथ असते.

महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या आपल्या मंडळांनी हौशी नाटके केली, गणेशोत्सव गाजविले. त्या काळची एखादी पायपेटी कोणाच्या माळ्यावर धूळ खात असेल, नाटक-सिनेमाची हस्तपत्रके ट्रंकेच्या तळाशी असतील, जुन्या रिळाचा डबा अडगळीत पडला असेल. भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी ते एकदा उघडून पाहावे. भात्याला चामडे नवे घालता येते, पत्रकाचे छायाचित्र घेता येते, आणि रिळाच्या डब्याविषयी पुण्याच्या संग्रहालयाला पत्र लिहिता येते. रीळ मात्र आगीपासून व उन्हापासून दूर ठेवावे, ते स्वतः चालवून पाहण्याच्या भरीस पडू नये.