पंचविसाची रेघ

गेल्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला आणि माझी जुनी सायकल जिन्याखाली जाऊन बसली. पुण्यात जन्म काढलेल्या माणसाने सायकल सोडायची म्हणजे सकाळचा चहा सोडण्यासारखेच. शेवटी लेकीने विजेवर चालणारी सायकल घेऊन दिली. पायडल आपणच मारायचे; पण चढ आला की मागून कोणीतरी हलकेच ढकलते आहे असे वाटते. दुकानदार म्हणाला, "काका, लायसन नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको. सायकलच आहे ही!"

तो खोटे बोलत नव्हता. पण त्या 'नको'मागे काही अटी आहेत, हे कळायला मला एक मोडलेले मनगट पाहावे लागले. मनगट माझे नव्हे, शेजारच्या वहिनींचे.

झाले असे, की सुट्टीत नातू आला. नववीतला. दोन दिवसांत त्याने शोध लावला, "आजोबा, हिचा स्पीड लॉक केलाय. कोपऱ्यावरचा मेकॅनिक एक वायर काढून देतो." पैसे मीच दिले. मग मूठ पिळली की पायडल न मारताही सायकल पस्तीसच्या वेगाने पळू लागली. गॅलरीतून "शाबास!" म्हणणाराही मीच. चौथ्या दिवशी भाजी घेऊन फाटकात शिरणाऱ्या वहिनींना मागून धडक बसली. सायकलला आवाजच नाही, त्यांना कळणार कसे?

वहिनींचे यजमान वकील. ते एका शब्दाने रागावले नाहीत. संध्याकाळी केंद्रीय मोटार वाहन नियमांचे, 1989 सालच्या, जाडजूड पुस्तक घेऊन आले आणि माझ्यापुढे उघडून बसले.

नियम तसा सोपा आहे. मोटर बसवलेली पायडलची सायकल 'मोटार वाहन' धरायची नाही. मात्र मोटरची शक्ती अडीचशे वॉटपेक्षा कमी हवी. वेग वाढेल तशी मोटरची मदत कमी होत गेली पाहिजे आणि ताशी 25 किलोमीटरला ती पूर्ण थांबली पाहिजे. त्याआधी स्वाराने पायडल मारणे थांबवले, तर तेव्हाच थांबली पाहिजे. धड ब्रेक हवेत. पुढे पांढरा आणि मागे लाल, उजेड पडताच चमकणारा रिफ्लेक्टर हवा. पायडल नसलेल्या छोट्या विजेच्या गाड्यांनाही सूट आहे. तिथेही अडीचशे वॉट आणि पंचवीसची मर्यादा आहेच, शिवाय बॅटरी वगळून वजन साठ किलोपेक्षा जास्त नको. आणि हे सारे सरकारमान्य चाचणी संस्थेने तपासलेले असावे लागते. अशी एक संस्था, एआरएआय, आपल्या पुण्यातच टेकडीवर आहे.

"म्हणजे सूट सायकलला नाही," वकीलसाहेब म्हणाले, "सूट या अटींना आहे. तुम्ही वायर काढलीत आणि त्या घटकेला सायकलची मोटार वाहन झाली. नोंदणी नाही, विमा नाही, चालवणारा अल्पवयीन. 2019 साली कायद्यात दुरुस्ती झाली. अशा वेळी पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरतात. 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद."

मालक मी होतो. मला घाम फुटला.

पंचवीसच का, असा प्रश्न मला पडला. युरोपातही सायकलीसाठी रेघ अडीचशे वॉट आणि पंचवीसवरच ओढलेली आहे. जर्मनीत पंचेचाळीसपर्यंत साथ देणाऱ्या सायकली मिळतात. पण त्यांना विम्याची पाटी, हेल्मेट, परवाना लागतो आणि सायकलमार्गावर त्यांना मज्जाव असतो. कारण साधे आहे. वेग दुप्पट झाला की धडकेतली ताकद चौपट होते. पंचवीसची पस्तीस झाली, तरी ती जवळजवळ दुप्पट होते. आमच्या दृष्टीने फक्त दहाचा फरक होता. वहिनींच्या हाडाला तो दुपटीचा होता.

वकीलसाहेबांनी तक्रार केली नाही. दवाखान्याचा खर्च मी दिला, कारण द्यायला विमा कंपनी नव्हतीच. ती सायकलच्या नियमात लागत नाही, आणि मोटारीच्या नियमाने आम्ही घेतलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन मेकॅनिककडे गेलो आणि समोर उभे राहून वायर जोडून घेतली. तेव्हापासून मुलांसाठी अशी सायकल घेणाऱ्या प्रत्येकाला सांगतो : दुकानात किंमत विचाराल, तसा चाचणीचा दाखलाही मागा, मोटर किती वॉटची ते पाहा आणि पंचवीसला ती खरोखर थांबते का, हे स्वतः चालवून बघा. दुकानदार 'नंतर लॉक काढून देतो' म्हणाला, तर उठून चालू लागा.

वहिनींचे प्लॅस्टर निघाले आहे, पण थंडीत मनगट दुखते म्हणतात. भाजीची पिशवी आता दुसऱ्या हातात असते. फाटकापाशी मी घंटी वाजवतो. त्या वळून बघतात, हसतात, आणि तरीही भिंतीला खेटून उभ्या राहतात.