वळचणीखालचं निळं

संपादकांना ईशान्य रुमानियातल्या बुकोविनाच्या रंगीत मठांवर लेख हवा होता. हुमोर, मोल्दोवित्सा, सुचेवित्सा अशी यादीच हातात होती. मी मात्र त्यांतल्याच व्होरोनेत्सच्या मठाच्या भिंतीपाशी रेंगाळले.

मोल्दाव्हियाच्या स्टीफन महान या राजाने १४८८मध्ये हे चर्च चार महिन्यांच्या आत उभं केलं. १५४७मध्ये धर्मप्रमुख ग्रिगोरे रोश्का यांनी पुढचा भाग वाढवून बाहेरच्या भिंती रंगवून घेतल्या. १७८५मध्ये ऑस्ट्रियन अमलात मठ बंद पडला. जोगिणी इथे आल्या त्या थेट १९९१मध्ये.

पश्चिमेच्या भिंतीला एकही खिडकी नाही. वरपासून खालपर्यंत ‘अंतिम निवाडा’ रंगवलेला. काळे पायघोळ कपडे घातलेली जोगीण काठीने एकेक गोष्ट दाखवत होती: देवदूत राशिचक्राची गुंडाळी करताहेत, तांबडी अग्निनदी खाली वाहतेय, जंगली श्वापदं गिळलेली माणसं परत आणून देताहेत. नरकाच्या वाटेवर पागोटेवाले तुर्कही आहेत. त्या काळच्या मोल्दाव्हियाला शत्रू कोण वाटत होता, ते वेगळं सांगायला नको.

अजिंठ्याची चित्रं निदान लेण्यांच्या आत आहेत. ही उघड्यावर, बर्फापावसात कशी टिकली? चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर रंग चढवायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, पुन्हा चुनखडी होतो आणि रंग त्यात पक्का बसतो. वरून लाकडी छपराची रुंद वळचण पागोळ्या भिंतीपासून लांब टाकते. अर्धं श्रेय रंगाऱ्याचं, अर्धं सुताराचं.

उत्तरेच्या भिंतीपाशी मात्र दोघंही हरलेत. वारा पाऊस आडवा मारतो, तिथे वळचण काय करणार? चित्रं बरीचशी धुऊन गेली आहेत. बाकी ठिकाणी हात पोचेल तिथवर जुन्या प्रवाशांनी नावं कोरून ठेवली आहेत. त्यात व्होरोनेत्सच्या भिंतींवरचं प्रसिद्ध निळं अ‍ॅझुराइट या खनिजाचं. ओल धरली की ते हिरवट पडू शकतं. गेलेल्या जागी नवा रंग भरला, तर सोळाव्या शतकाच्या नावाखाली आपलंच चित्र लोकांना दाखवल्यासारखं होईल. मग उरतं ते सुटलेला गिलावा धरून ठेवणं, काजळी काढणं आणि ओल अडवणं. जागतिक वारशाची पाटी १९९३मध्येच लागली. पण पाटीने पाऊस अडत नाही. पैसे मोजून मिळणार असतील, तर ते आधी छपराला द्यावेत.