काचेच्या पेल्यातलं थंब मशीन

घरात काचेचा साधा, नक्षी नसलेला पेला आहे? त्यात पाऊण पेला पाणी घ्या. बोटं किंचित ओली करा आणि पेला घट्ट धरा. आता वरून, जरा तिरकं, पाण्यातून पेल्याच्या कडेकडे बघा. आतली बाजू चांदीसारखी चमकतेय ना? आणि जिथे बोटं टेकलीत तिथे? रेषा! तुमच्याच बोटांवरच्या, एकेक सुटी दिसणाऱ्या.

झालं, तुमचं थंब मशीन तयार!

पाण्यातून तिरका जाणारा प्रकाश काचेच्या बाहेरच्या बाजूला पोचतो, पण पलीकडच्या हवेत शिरू शकत नाही. तो मागे फिरतो, म्हणून काचेचा आरसा होतो. बोटावरचे उंचवटे मात्र काचेला चिकटतात. तिथे प्रकाश बोटात शिरतो आणि आरसा विझतो. दोन उंचवट्यांमधल्या खाचांत हवाच असते, तिथली चमक तशीच राहते. अंगठा ठेवून हजेरी घेणाऱ्या बऱ्याच यंत्रांत हेच घडतं. फक्त पेल्याच्या जागी काचेचा लोलक असतो आणि तुमच्या डोळ्याच्या जागी छोटा कॅमेरा.

दहा बोटांवर शंख किती, चक्रं किती, हे तुम्ही कधीतरी मोजलंच असेल. पण चक्र तर लाखो लोकांच्या बोटांवर असतं. म्हणून यंत्र आणखी बारकाईने बघतं. कुठली रेषा कुठे संपली, कुठे तिला फाटा फुटला, त्या जागांचे आकडे करून ते जपून ठेवतं. दुसऱ्या दिवशी बोट ठेवलं की नवे आकडे जुन्यांशी ताडून बघतं.

या रेषा आल्या कुठून? तुम्ही आईच्या पोटात तीन-चार महिन्यांचे होतात तेव्हाच त्या उमटायला लागल्या. २०२३ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की त्या लाटांसारख्या पसरत जातात. एक लाट बोटाच्या फुगीर भागातून निघते, एक नखाच्या बाजूने आणि एक पेराच्या घडीपासून. त्या कुठे, कशा भेटतात त्यावर शंख होणार की चक्र, हे ठरतं. म्हणून तर अगदी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचेही ठसे वेगळे! मला हे वाचल्यापासून स्वतःच्या बोटांकडे नुसतं बघत बसावंसं वाटतं.

२०१८ साली राज्य सरकारने पुण्यासह काही विभागांतल्या अकरावी-बारावी विज्ञानच्या वर्गांना बायोमेट्रिक, म्हणजे बोटांच्या ठशांसारख्या खुणांवरून, हजेरी लावायला सांगितलं. आपला सोलापूर जिल्हा पुणे विभागातच येतो. मुलं नाव कॉलेजात घालतात आणि दिवसभर क्लासमध्ये बसतात, ही त्यामागची काळजी होती.

पण सोलापुरात राहणाऱ्यांना या यंत्राची दुसरी बाजूही ठाऊक असते. तुमच्यापैकी कुणाची आजी, कुणाची अव्वा विड्या वळत असेल. पान कापायचं, तंबाखू भरायची, बोटांत वळायची, दोरा बांधायचा. अशा हजार झाल्या की हजारांची मजुरी. वर्षानुवर्षं पान आणि तंबाखू घासून बोटांची टोकं गुळगुळीत होतात. मग रेशनच्या दुकानात अव्वा अंगठा ठेवते, पुसून पुन्हा ठेवते, आणि यंत्र म्हणतं, जुळत नाही. त्याचा अर्थ एवढाच की यंत्राला रेषा नीट दिसल्या नाहीत. अव्वा अव्वाच असते.

लहान मुलांचंही तसंच. त्यांच्या रेषा फार बारीक आणि खेटून असतात. म्हणून पाच वर्षांखालच्या बाळाच्या आधारसाठी ठसे घेतच नाहीत. पुढे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ते द्यावे लागतात.

आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी आठवतात? २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणायचं काम त्यांनी केलं. तो कोड बिघडला तर दुसरा छापता येतो. बोट दुसरं छापता येत नाही! म्हणून आपले ठसे कुणी घेणार असेल, तर ते कुठे ठेवणार, कधी पुसणार, हे आईबाबांनी विचारायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. स्वीडनमधल्या एका शाळेत २२ विद्यार्थ्यांची हजेरी चेहरे ओळखणाऱ्या कॅमेऱ्याने घेऊन पाहिली होती. पालकांनी होकार दिलेला होता, तरी २०१९ मध्ये दोन लाख क्रोनर दंड झाला. हजेरीसाठी एवढं कशाला, साध्या रीतीने घ्या, असं तिथल्या अधिकाऱ्यांचं म्हणणं पडलं.

आणि अव्वाच्या रेषा गेल्या कुठे? कुठेच नाहीत. त्यांचं मूळ कातडीच्या खालच्या थरात असतं. वरचा थर झिजला तरी खालून तीच नक्षी पुन्हा वर येते, फक्त हातांना थोडे दिवस विसावा मिळायला हवा. सणाच्या सुट्टीत तो पेला अव्वाच्या हातात द्या. बोटं ओली करून घ्या. वरून नीट बघा, आधी नुसती धूसर चमक दिसेल. मग एखादी रेषा, मग तिच्या शेजारची.